तारामतीचे दंड

‘राजा हरिश्चंद्र’ची जी काही रिळे आज उरली आहेत, ती बघताना नजर पहिल्यांदा जाते तारामतीच्या दंडांवर. राजा रोहिदासाला धनुर्विद्या शिकवतो आहे. मुलगा प्रत्यंचा ओढतो आहे. शेजारी उभी महाराणी कौतुकाने बघते आहे. मांडणी अशी नेटकी की भिंतीवरचे देवादिकांचे चित्र जरासे हलू लागल्यासारखे वाटावे. मग त्या चित्रातल्या राणीने हात वर करावा आणि आपल्या लक्षात यावे, की हा हात मोठमोठी पातेली उतरवलेला हात आहे.

तो होता अण्णा साळुंके यांचा. ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात ते स्वयंपाकघरात काम करायचे, पगार महिना दहा रुपये. चित्रपट करायला निघालेल्या फाळक्यांनी पंधरा देऊ केले आणि भारताला पहिली चित्रपटनायिका मिळाली. हा किस्सा इतक्या वेळा सांगून झाला आहे की त्यातली गंमतच तेवढी उरली आहे. मला मात्र त्या किश्श्यापेक्षा पडद्यावर जे दिसते त्यात जास्त रस आहे. गाठीला पैसा नाही, बाई मिळत नाही, चित्रपटासाठी कपडे कसे शिवायचे आणि तोंडे कशी रंगवायची हे सांगणारा कारागीर देशात नाही. अशा माणसाने १९१३ साली पुराणातला एक राजा उभा केला. कशातून केला?

एक खुलासा आधीच केलेला बरा. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमात जो चित्रपट लागला, त्याचेच हे तुकडे आहेत, की १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या हरिश्चंद्राचे, यावर अभ्यासकांत वाद आहे. रसग्रहणाला त्याची अडचण नाही. माणूस तोच आणि त्याची पद्धतही तीच.

फाळके चित्रपटात आले तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते, आणि वेशभूषेच्या बाबतीत रिकाम्या हाताने आलेले नव्हते. जे. जे. स्कूलमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकलेले, छायाचित्रकाराचा धंदा केलेला, नाटक कंपन्यांचे पडदे रंगवलेले. एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकून ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने प्रयोगही केलेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठी केलेले छपाईचे काम. त्या छापखान्यातून निघालेल्या रंगीत चित्रांनी सीता, दमयंती, सरस्वती घराघरांत नेल्या. हरिश्चंद्राची कथाही त्या चित्रांतून फिरलेली होती. राजाचा मुकुट कसा, शेला कोणत्या खांद्यावरून घ्यायचा, राणीच्या नऊवारीचा काष्टा कसा दिसायचा, ऋषीची जटा किती उंच बांधायची, हे सगळे त्या चित्रांनी ठरवून टाकले होते.

म्हणजे फाळक्यांच्या वेशभूषेचा अर्धा नमुना प्रेक्षकाच्या घरी आधीच चौकटीत लावलेला होता. उरलेला अर्धा नाटक कंपन्यांच्या पेट्यांत होता. बेगड लावलेले मुकुट, लाकडी गदा, गंगावने, जटा, दाढ्या, जरीकाठी शेले ही सगळी सामग्री मराठी रंगभूमीने अनेक दशके घासूनपुसून तयार ठेवली होती. चित्रपटातला राजा त्यामुळे पहिल्या क्षणाला राजा म्हणून ओळखू येतो. त्याने तोंड उघडावे लागत नाही, आणि मूकपटात उघडून उपयोगही नव्हता.

हा उसनवारीचा पोशाख नीट पाहिला तर त्यात एक शहाणपण दिसते. फाळक्यांनी पोशाखाच्या कपड्यावर भर दिला नाही, बाह्यरेषेवर दिला. मुकुटाचा उंच त्रिकोण, धनुष्याची कमान, जटेचा ढीग, शेल्याची तिरकी रेघ. दुरून, हलत्या आणि धुरकट चित्रातही या आकृत्या एकमेकींत मिसळत नाहीत. कृष्णधवल फिल्मला पितळ आणि सोने यांतला फरक कळत नाही; बेगडाचा तुकडा उन्हात हिऱ्याइतकाच चमकतो. जरीच्या किमतीशी कॅमेऱ्याला काही देणेघेणे नसते, ती प्रकाश कसा परतवते एवढेच त्याला दिसते. ज्याने आयुष्याची कित्येक वर्षे छपाईच्या शाईत घालवली, त्याला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

रंगभूषेचे मात्र तसे नव्हते. तिथे नाटकाची पेटी दगा देते. त्या काळच्या फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. लाल ते काळे आणि निळे ते पांढुरके उमटे. किटसनच्या बत्तीच्या पिवळ्या उजेडात सफेद्यावर हिंगुळाचा हात फिरवला की गाल रसरशीत दिसतात. तोच गाल या फिल्मवर खप्पड दिसतो. कपाळावरचे कुंकू काळा टिळा होते. ओठ जरा जास्त रंगवले तर तोंडाच्या जागी भोक पडल्यासारखे वाटते. निळ्या रंगाने माखलेला कृष्ण तर गोराच होऊन जाईल. त्यात दिवे नाहीत, सगळे चित्रण उन्हात. दादरच्या बंगल्याच्या आवारात उभारलेल्या देखाव्यांवर वरून सरळ ऊन पडते आणि नाटकात पायदिव्यांच्या मागे जे लपते ते सगळे उघडे पाडते: गालांची हाडे, हनुवटीवरचे खुंट, कानामागे संपणारा सफेदा.

म्हणून या चित्रपटातले स्त्रीवेषातले पुरुष बघताना मला सारखी त्याच वर्षातली दुसरी गोष्ट आठवते. १९१३ सालीच गंधर्व नाटक मंडळी स्थापन झाली. बालगंधर्वांचे शालू खरे, अत्तरे खरी, दागिने डोळे दिपवणारे. त्यांच्या साडीची आणि केशरचनेची नक्कल घरंदाज बायका करत. तेही पुरुष, साळुंकेही पुरुष. पण बालगंधर्वांपाशी गळा होता. पडदा वर गेला, पहिला सूर लागला की देह आपोआप विरघळे. शिवाय प्रेक्षक आणि नट यांच्यामध्ये पंधरा-वीस हातांचे अंतर आणि दिव्यांचे मायाजाल. साळुंक्यांना आवाज नाही, अंतर नाही, माया नाही. त्यांच्या तारामतीला बाई व्हायचे तर ते फक्त लुगड्याच्या आणि हालचालीच्या जोरावर.

हे ओळखूनच फाळक्यांनी आपल्या ‘स्त्री पार्टीं’ना घरातच लुगडी नेसून वावरायला लावले, तांदूळ निवडायला आणि घरकामाला बसवले असे सांगतात. परेश मोकाशींच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’मध्ये (२००९) हे प्रसंग झकास रंगले आहेत. मिशा काढायला तयार नसलेले नटही तिथे भेटतात: वडील हयात असताना मिशी उतरवायची कशी! त्यांच्या दृष्टीने तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. रंगभूषेच्या एका वस्तऱ्याने ते घरच्या माणसाला मारून टाकत होते. चित्रपट बघणारे आपण मात्र ओठावरच्या त्या मोकळ्या जागेकडे लक्षही देत नाही. कमी पैशांत केलेल्या रंगभूषेतला सर्वांत महाग भाग तोच होता, आणि त्याची किंमत नटांनी मोजली होती.

आता तो गाजलेला स्नानाचा प्रसंग. तारामती आणि सख्या पाण्यात आहेत, एकमेकींवर पाणी उडवत आहेत, लुगडी भिजून अंगाला चिकटली आहेत. वेशभूषा करणाऱ्या कुणालाही विचारा: ओला कपडा हा त्याचा सर्वांत मोठा वैरी. कोरड्या लुगड्याच्या निऱ्या, पदराचा घोळ, खांद्यावरची चुणी हे सगळे मिळून स्त्रीदेहाचा आभास तयार करतात. पाणी लागले की तो आभास वाहून जातो आणि आत असलेला माणूस उरतो. फाळक्यांना हे कळत नसेल? पडदे रंगवणाऱ्याला आणि जादू करणाऱ्याला? हातचलाखी करणारा माणूस ज्या बाजूने पितळ उघडे पडेल ती बाजू कधी प्रेक्षकांकडे करत नाही. इथे ती मुद्दाम केली आहे. काही जण याला भाबडेपणा म्हणतात. मला ती बेफिकिरी वाटते, आणि तीही हिशेबी. बायका म्हणून हे चित्र पुरते पटत नाही, म्हणूनच ते त्या काळी घरच्या मंडळींसह बघता आले असावे. आणि दुसरे म्हणजे पाण्यात खेळणाऱ्या त्या गड्यांना खरोखर मजा येते आहे. पाणी खरे आहे, हसू खरे आहे. एवढे खरे असले की लुगड्यातले खोटेपण माफ होते.

चौथ्या रिळाकडे आलो की बाज पार बदलतो. राज्य गेले, मुकुट गेला, शेला गेला. हरिश्चंद्र झालेले दत्तात्रय दाबके आता अंगावर जवळजवळ काहीच न घेता उभे आहेत, हातात तलवार, समोर शिरच्छेदासाठी मान वाकवलेली तारामती. सगळ्या चित्रपटात वेशभूषा सर्वांत अस्सल वाटते ती इथे. कारण उघड आहे. पात्र कंगाल झाले आहे आणि निर्माताही कंगाल आहे; विम्याच्या पॉलिसी गहाण पडलेल्या, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने मोडलेले. दोघांच्या कंगालीची गाठ पडते आणि पडद्यावर कुठेही शिवण दिसत नाही. पहिल्या रिळातला राजवाड्यातला राजा राजासारखा दिसतो, तर स्मशानातला राजा राजा असतो. पुढे शंकर प्रकटतात. ती करामत रंगभूषेची नाही, कॅमेऱ्याची आहे. यज्ञातल्या ज्वाळांत अडकलेल्या तीन शक्तीही तशाच. जिथे पोशाखाने चमत्कार करणे महाग पडणार, तिथे प्रोफेसर केल्फा पुढे होतात.

वांगणीला बाहेरचे चित्रण चालले असताना ढाल-तलवारी घेतलेले हे नटवे बघून गावकऱ्यांना दरोडेखोर आल्यासारखे वाटले आणि मंडळी पोलिसांच्या ताब्यात गेली, अशीही हकिगत सांगतात. वेशभूषाकाराला याहून मोठी पावती कोणी द्यावी? लाकडाला चांदीचा कागद लावलेल्या तलवारीची दिवसाउजेडी, हाताच्या अंतरावर, खऱ्या भीतीने दखल घेतली गेली.

फाळक्यांचा हा बायकांचा प्रश्न तसा फार लवकर सुटला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघी कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. तरीही १९१७च्या ‘लंका दहन’मध्ये सीता पुन्हा साळुंकेच, आणि रामही साळुंकेच! भारतीय चित्रपटातली ही पहिली दुहेरी भूमिका मानली जाते. एकाच माणसाने मुकुट चढवला की राम, पदर घेतला की सीता. प्रेक्षकांनी तक्रार केली नाही, उलट चित्रपट तुफान चालला. यावरून प्रेक्षकांची आणि फाळक्यांची एक बोलीच झाली होती म्हणायला हरकत नाही: पोशाख ही ओळखीची खूण, देहाची खातरजमा नव्हे. कोकणातल्या दशावतारात हा करार आजही टिकून आहे. तिथे नट आपली पेटी आपण वाहतो, आपले तोंड आपण रंगवतो, आणि देवळाच्या आडोशाला बसून तासाभरात राक्षस किंवा राणी होतो. त्याला बघणारा गावकरी त्याला सकाळी भातखाचरात ओळखतो, रात्री ओळखत नाही.

या बोलीचे सर्वांत देखणे उदाहरण मात्र १९१९च्या ‘कालिया मर्दन’मध्ये आहे, आणि माझ्या मते फाळक्यांचे रंगभूषेवरचे सर्वांत शहाणे वाक्यही तेच, जरी ते त्यांनी शब्दांत लिहिले नाही. कृष्णाचे काम त्यांची मुलगी मंदाकिनी करते. आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्येही बाळकृष्ण तीच होती. पण इथे कथा सुरू होण्याआधी पडद्यावर एक पाटी येते, सात वर्षांच्या मुलीचा मुखाभिनय अशा अर्थाची. आणि मग येते ती मुलगी. मुकुट नाही, मोरपीस नाही, तोंडाला रंग नाही. घरातल्या पोरीसारखी पोर. ती हसते, रुसते, घाबरते, चिडते, एकामागून एक. बराच वेळ कॅमेरा तिच्या तोंडाशी थांबतो. आणि त्यानंतर तीच पोर पोशाखात, अलंकारांत कृष्ण होऊन समोर येते.

कुठलाही साधा व्यवहारी निर्माता हा तुकडा कापून टाकेल. कारण त्याने भ्रम मोडतो असे कुणालाही वाटेल. देव दाखवायचा तर देवाच्या आतली मुलगी आधीच दाखवून कशी चालेल? पण घडते उलटेच. आपण त्या मुलीचे तोंड ओळखू लागलेलो असतो. तिला रुसता येते हे आपण पाहिले आहे. त्यामुळे मुकुटाखालचा कृष्ण रुसतो तेव्हा तो मुकुटाचा रुसवा राहत नाही. हरिश्चंद्रात पोशाख पुढे होता आणि माणूस त्याच्या आड धापा टाकत होता. सहा वर्षांत फाळक्यांनी क्रम बदलला: आधी चेहरा, मग पोशाख. रंगपटाचे दार उघडे ठेवून त्यांनी प्रेक्षकाला आत बोलावले. मुलगा-मुलगी हा भेदही मग आड येत नाही. तारामतीच्या दंडांवर अडखळणारी नजर या कृष्णावर अडखळत नाही. लोणी चोरणारे, मोठ्यांची खोडी काढणारे ते पोर बघताना त्याच्या गळ्यातली माळ खऱ्या मोत्यांची आहे का, हा प्रश्नच डोक्यात येत नाही.

आज कमी पैशांत चित्रपट करणाऱ्यांना फाळक्यांच्या उलट अडचण आहे. कॅमेरा आता लाल रंग तर पाहतोच, पण विगच्या जाळीची कड, नव्या शर्टाची घडी, फाउंडेशनखालचा घाम हेही पाहतो. बाह्यरेषेवर भागत नाही. म्हणून ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेला चकचकीत फेटा बहुतेक वेळा चित्रपटाचा घात करतो आणि जुन्या बाजारातला, दुसऱ्या कुणी वापरून विटवलेला सदरा तो तारून नेतो. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे शंभर-दोनशे रुपयांत जे मिळते ते शिंप्याला हजारांत शिवता येत नाही, कारण त्या कपड्याला कोपराचा आकार आधीच आलेला असतो. नवा कपडा घ्यावाच लागला तर चहाच्या पाण्यात बुडवावा, कॉलरवर पॉलिश पेपर फिरवावा, दोनदा धोपटून धुवावा. नटाला तो चित्रणाआधी आठवडाभर घरी घालायला द्यावा, हा फाळक्यांचा लुगड्यांचा उपाय आजही फुकटच आहे. आणि तोंडाला जितके कमी लावाल तितके बरे. उन्हात चित्रण करणाऱ्याने तर तुपकट चमक टिपायला टिश्यू पेपर जवळ ठेवला तरी निम्मे काम होते.

ही गोष्ट मराठी चित्रपटाने नव्याने शिकून घेतली आहे. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’त जब्या तोंडाला पावडर फासतो, नाक सरळ व्हावे म्हणून त्याला चिमटा लावतो, आणि नव्या जीन्सची स्वप्ने बघतो. पावडरीचा डबा आणि कपड्यांचा चिमटा एवढ्यात ती रंगभूषा आटोपते. जब्या झालेल्या सोमनाथ अवघडेच्या चेहऱ्यावर रंगभूषाकाराने जे केले नाही, ते तो मुलगा स्वतः करायला बघतो, आणि ते त्याला जमत नाही हेच तर चित्रपटाचे दुखणे आहे. पावडर बसत नाही. ती मुद्दाम नीट बसवलेली नाही. तिथे कुशल हात लागला असता तर सगळे वाया गेले असते. तारामतीच्या तोंडावरचा सफेदा कानामागे संपतो तेव्हा आपण हसतो. जब्याची पावडर गालावर संपते तेव्हा हसू येत नाही, कारण ती कुणी फासायला लावली हे आपल्याला ठाऊक असते.

‘कालिया मर्दन’मधला नाग, जाता जाता सांगितले पाहिजे, मला कधीच पटलेला नाही. तो आकाराने मोठा, हालचालीने आखडलेला, आणि बघताक्षणी बनवलेला कळतो. फाळक्यांनी त्याच्यावर बरीच मेहनत घेतली असणार. पाण्याखालच्या झटापटीची करामत तर त्या काळच्या मानाने थक्क करणारी आहे. पण त्याच्या फण्यावर नाचणारी मुलगी इतकी जिवंत आहे की नागाची कीव येते. त्याचा चेहरा आधी कुणी दाखवला नव्हता ना.